एकट्या पेती व्हेर्दोची वाइन: ५० किलो द्राक्षं, ४० बाटल्या

फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिश्र वाइनमध्ये पेती व्हेर्दो हे काळं द्राक्ष मिठासारखं वापरतात. दोन टक्के, पाच टक्के, फार झालं तर दहा. रंग फिका पडला की घाला, वाइन लेचीपेची वाटली की घाला. नावाचा अर्थच 'छोटं हिरवं'. बोर्दोतल्याच मेदोकच्या गार हवेत काबर्ने सोव्हिन्योंच्याही मागून पिकणारं हे द्राक्ष कित्येक वर्षी हिरवंच राहायचं, त्यामुळे तिथे त्याला मानाचं पान कधी मिळालं नाही. जिथे ऊन लांबतं तिथली गोष्ट वेगळी. स्पेनमध्ये तोलेदोच्या परिसरात आणि ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या रिव्हरलँडमध्ये ते पुरतं पिकतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या दमट हवेत त्याची जाड साल सडायला दाद देत नाही. या तिन्ही ठिकाणी त्याची एकट्याची बाटली निघते.

लेबलवर एकच नाव असलं म्हणजे आत शंभर टक्के तेच, असं मात्र नाही. युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात ८५ टक्के असलं की एका जातीचं नाव लावता येतं, अमेरिकेत ७५ टक्क्यांवर भागतं. ही मोकळीक पुढे उपयोगी पडणार आहे.

या द्राक्षाचे मणी लहान, साल जाड. म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त. काबर्नेच्या कृती रंग आणि टॅनिन (साली-बियांतला तुरट घटक) काढून घेण्यासाठी लिहिलेल्या असतात. तीच कृती इथे जशीच्या तशी लावली तर वाइन शाईसारखी काळी होते आणि हिरड्या आवळून धरते. पेती व्हेर्दोत काढण्यापेक्षा थांबण्याला जास्त अक्कल लागते, आणि खालचं जवळजवळ प्रत्येक माप त्याच हिशेबाने दिलं आहे. घरी वाइन करायला कायद्याची परवानगी लागते का, ते ठिकाणागणिक बदलतं. आधी पाहून घ्या.

द्राक्षं कधी घ्यायची

ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ ते २५.५, पीएच ३.५ ते ३.७, एकूण आम्लता लिटरला ६.५ ते ८ ग्रॅम. २४.५ ब्रिक्सची वाइन साधारण १४ टक्के अल्कोहोलवर थांबते. २६ च्या पुढची द्राक्षं एकट्याच्या वाइनसाठी नकोत, कारण अल्कोहोल आणि टॅनिन एकत्र आले की घोट घशात जळतो.

आकड्यांवर समाधान मानू नका. वेगवेगळ्या घडांतले वीसेक मणी घ्या, रस गिळून टाका आणि सालच चावत राहा. दहा-बारा वेळा चावल्यावर साल तोंडात विरायला लागली आणि जिभेवर जांभळा रंग उतरला, तर द्राक्ष तयार आहे. चामड्यासारखी चिवट राहून गवतासारखी चव देत असेल, तर साखर कितीही असो, आणखी आठवडाभर थांबायला हवं. बिया तपकिरी असाव्यात आणि दाताखाली कट्कन फुटाव्यात.

या जातीत एकाच घडात मोठे काळे मणी आणि त्यांच्या मध्ये वाटाण्याहून बारके हिरवे मणी सापडणं नेहमीचं आहे. फळधारणा एकसारखी झाली नाही की असं होतं. पन्नास किलोंत असे मणी दोन-तीन किलोही निघू शकतात. निवडायला वेळ जातो, पण ते तसेच राहिले तर त्यांचा कच्चा कडवटपणा पुढे कशानेच जात नाही.

भांडी आणि तयारी

पन्नास किलोंचे देठ काढून साधारण ४५ लिटर लगदा होतो. आंबताना तो फुगतो, म्हणून ७० ते ८० लिटरचं फूडग्रेड प्लास्टिकचं पिंप हवं. पुढच्या मुरवणीसाठी २३ लिटरचा एक कार्बॉय (अरुंद गळ्याची मोठी काचेची बाटली), पाच लिटरचा एक आणि उरलंसुरलं भरायला एक-दोन लिटरच्या बाटल्या, सगळ्यांना एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच. शिवाय हायड्रोमीटर, थर्मामीटर, पीएच मीटर, अर्धा ग्रॅम तरी नीट दाखवणारा काटा, नळी आणि लहान हातदाब.

निर्जंतुक करायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, आणि थोडं सायट्रिक आम्ल पाण्यात मिसळून वापरा. ब्लीच अजिबात नको. क्लोरीन लाकडाशी, बुचाशी आणि बुरशीशी गाठलं की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तयार होऊ शकतो, आणि तो एकदा वाइनमध्ये शिरला की बाटली ओतूनच द्यावी लागते.

लगदा

देठ पूर्ण काढा. मणी नुसते फुटतील इतकेच चेपा. चौथा हिस्सा अख्खा राहिला तर उत्तम. अख्ख्या मण्यातली साखर हळूहळू सुटते, तापमान उसळत नाही आणि बिया उशिरापर्यंत मण्यातच राहतात. मिक्सर किंवा ब्लेडचं कुठलंही यंत्र वापरू नका. फुटलेल्या बीचा कडवटपणा टॅनिनपेक्षा वाईट.

लगद्याला लगेच केएमएस द्या. लिटरला ४० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड धरला तर ४५ लिटरला १८०० मिलिग्रॅम. केएमएसच्या वजनात सल्फर डायऑक्साइड ५७.६ टक्के असतो, म्हणजे साधारण ३ ग्रॅम पावडर. अर्ध्या कप पाण्यात विरघळवून ओता, नीट ढवळा आणि बारा तास झाकून ठेवा. काही कृतींत याच टप्प्यावर चार-पाच दिवस गार ठेवून रंग काढायला सांगितलेला असतो. पेती व्हेर्दोला त्याची गरज नाही, रंग कसाही येतोच.

आता पीएच आणि आम्लता दोन्ही मोजा. एकच मोजून निर्णय घेणं ही इथली हमखास चूक. सालीत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते टार्टारिक आम्लाला बांधून टाकतं, त्यामुळे आम्लता चढी असूनही पीएच ३.८ दिसू शकतो. पीएच ३.७ च्या वर असेल तर टार्टारिक आम्ल घाला. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ ने उतरतो. हिशेबाच्या अर्धंच आधी घाला, चार तासांनी पुन्हा मोजा. लक्ष्य ३.५५ ते ३.६. उलट पीएच ३.३ आणि आम्लता ९ ग्रॅम आली तर हात लावू नका. मॅलोलॅक्टिक (जीवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात ती क्रिया) आणि थंडी मिळून ती खाली आणतील.

यीस्ट आणि आंबवण

यीस्ट लिटरला ०.२५ ग्रॅम, म्हणजे ११ ते १२ ग्रॅम. दहापट पाण्यात, ३७ ते ४० अंश सेल्सिअसला, वीस मिनिटं भिजवा. मग थोडा थोडा रस घालत त्याचं तापमान लगद्याच्या जवळ आणा. दोहोंत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतलं तर बरंच यीस्ट जागीच मरतं. या द्राक्षाला तोंडात भरदारपणा देणारं यीस्ट निवडा. आयसीव्ही डी२५४ त्यासाठीच ओळखलं जातं. का, ते पुढे मधल्या पोकळीच्या भागात येईल.

पोषक दोन हप्त्यांत द्या. आंबवण सुरू झाल्याच्या खुणा दिसताच लिटरला पाव ग्रॅम सेंद्रिय यीस्ट-पोषक आणि साखर एक तृतीयांश उतरल्यावर तेवढंच पुन्हा. नायट्रोजन कमी पडला की यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं.

दुसऱ्या दिवशी साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोनदा खाली दाबायचा, पण पहिले तीन-चार दिवसच. रंग पाण्यात सुटतो आणि आधी सुटतो. बियांचं टॅनिन सुटायला अल्कोहोल लागतं, ते उशिरा येतं. म्हणून मेहनत सुरुवातीला करायची आणि ब्रिक्स १० च्या खाली गेल्यावर दिवसातून एकदाच, थर ओला राहील इतपत दाबायचं. तापमान २४ ते २८ अंश. ३० च्या वर गेलं तर बाटल्यांत पाणी गोठवून, बाहेरून धुऊन पिंपात सोडा. खोलीची खिडकी उघडी ठेवा: या प्रमाणात निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो. पिंपावर वाकून खोल श्वास घेण्याचा मोह टाळा.

बिया काढणं

हा टप्पा बहुतेक कृतींत नसतो. पेती व्हेर्दोत त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

ब्रिक्स १२ च्या आसपास आला की दुसरं स्वच्छ पिंप शेजारी ठेवा. त्यावर भोकांची मोठी गाळणी बसवा, भोकं अशी की बी अडकेल आणि रस वाहील. पहिल्या पिंपातला सालींचा थर एका बाजूला सारा आणि जगने खालचा रस उपसून गाळणीवर, थोडा उंचावरून, ओतत राहा. रस काढून होईपर्यंत तळाशी सुट्या झालेल्या बियांचा थर दिसतो, ओल्या वाळूत खडे बसावेत तसा. त्या बिया आणि गाळणीतल्या बिया फेकून द्या. साली दोन तास तशाच आपल्या वजनाने खाली बसू द्या, मग सगळा रस हळूच त्यांच्यावर परत ओता. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. दोन वेळांत पाव हिस्सा बिया निघाल्या तरी पुष्कळ. उंचावरून ओतताना रसात मिसळणारी हवा या टप्प्यावर फायद्याची असते. यीस्टला ती लागतेच, आणि सडका वास डोकं वर काढत असेल तर तोही निवतो.

दाबायची वेळ

रोज सकाळी चमचाभर रस गाळून चाखा. साखर अजून आहे, म्हणून गोडीकडे दुर्लक्ष करा आणि तुरटपणा कुठे बसतो ते बघा. जिभेवर आणि गालांच्या आत मऊ कापडासारखा लागत असेल तर ठीक. वरच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी खरखर जाणवली की बियांचं टॅनिन उतरायला लागलं. त्याच दिवशी साली दाबून वाइन वेगळी करायची, मग ब्रिक्स शून्य असो की तीन. सहसा ही वेळ सहाव्या ते नवव्या दिवशी येते. आंबवण संपल्यावर आणखी दोन-तीन आठवडे सालींवर ठेवण्याची रीत काबर्नेला मानवते. इथे तिच्या वाटेला जाऊ नका.

आधी आपोआप निथळलेली वाइन वेगळी घ्या, साधारण २५ लिटर. मग चोथा हातदाबात भरा आणि थांबत थांबत आवळा. दाबरसाचे पहिले चार-पाच लिटर चांगले असतात. त्यानंतर चव कोरडी आणि कडू व्हायला लागली की थांबा. दाबरस शेवटपर्यंत वेगळ्या भांड्यात ठेवा. किती मिसळायचा, ते सहा महिन्यांनी चाखून ठरेल. बरेचदा अर्धाच पुरतो.

उरलेली साखर कार्बॉयमध्ये एअरलॉकखाली संपू द्या. हायड्रोमीटर ०.९९५ किंवा त्याखाली आला आणि तीन दिवस हलला नाही की आंबवण संपली. मोजण्याआधी नमुना जोरात हलवून वायू काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटर उचलून धरतात आणि आकडा खोटा येतो.

मॅलोलॅक्टिक, सल्फर आणि पहिला हिवाळा

आंबवण संपल्यावर एक-दोन दिवसांत जाड गाळ तळाशी बसतो. वरची वाइन नळीने दुसऱ्या भांड्यात घ्या. मग मॅलोलॅक्टिक जीवाणूंचं पाकीट, वर लिहिलेल्या लिटरच्या हिशेबाने. तापमान २० ते २२ अंश आणि या काळात केएमएस अजिबात नको. तीन ते सहा आठवडे लागतात. जास्त टॅनिनमध्ये जीवाणू जरा रेंगाळतात, घाई करू नका. संपलं की नाही ते बुडबुड्यांवरून ठरवू नका, पेपर क्रोमॅटोग्राफीचा संच वापरा. अर्धवट राहिलेलं मॅलिक आम्ल बाटलीत पुन्हा आंबलं तर बुचं उडतात.

संपताच केएमएस द्या: लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ३० लिटरला २.६ ग्रॅम. चार दिवसांनी मुक्त सल्फर डायऑक्साइड मोजा. पीएच ३.५ ला लिटरमागे २५ मिलिग्रॅम, ३.६ ला ३१, ३.७ ला ३९, ३.८ ला ४९ मुक्त हवा. पीएच थोडासा वर राहिला तर सल्फर किती जास्त लागतो, ते यात दिसतंच. मोजताना एक मेख आहे. आयोडीनचे साधे संच रंग बदलला की थांबा म्हणतात, आणि या वाइनच्या काळ्या रंगात तो बदल दिसतच नाही. शिवाय टॅनिन थोडं आयोडीन खाऊन टाकतं, म्हणून आलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असतो. हवा फुंकून मोजणारी पद्धत वापरता आली तर तीच वापरा.

आता मुरवण, वर्ष ते दीड वर्ष. लाकडी पिंपातून वाइनला थोडी थोडी हवा मिळत राहते आणि टॅनिन एकमेकांना जोडून मऊ होतं. काचेत ती सोय नाही. म्हणून मुरवणीतलं पहिलं रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात काढणं), दोन महिन्यांनी, मुद्दाम धार पाडून करा. त्यानंतरची, तीन-चार महिन्यांच्या अंतराने, नळी तळाला टेकवून शांतपणे. ओकचे मध्यम भाजलेले तुकडे लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम, दोन महिने पुरेत. त्यांतूनही टॅनिनच येतं, हे विसरू नका. भांडी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा, बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा नको. दर रॅकिंगला मुक्त सल्फरची तपासणी आणि केएमएसची भर.

मधली पोकळी

पेती व्हेर्दोचा खरा दोष तुरटपणा नाही. पहिल्या क्षणी व्हायोलेटच्या फुलांचा वास आणि गडद फळं येतात, शेवटी टॅनिन येतं, आणि मध्ये काहीच नसतं. मिश्रणात ही जागा मर्लो हे द्राक्ष भरतं. एकट्याच्या वाइनमध्ये ती तीन तऱ्हांनी भरता येते. पहिली यीस्टची निवड, ती झाली. दुसरी, पहिल्या रॅकिंगनंतर जमणारा बारीक, मलईसारखा गाळ तसाच ठेवून चार महिने आठवड्यातून एकदा हलक्या हाताने ढवळणं. गाळाला कुबट वास यायला लागला तर लगेच थांबायचं. तिसरी, सरळ ८ ते १० टक्के मर्लो. वर सांगितलेल्या मोकळिकीत ती बसते, आणि त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी मध्ये भोक असलेली वाइन पिण्यात काय हशील?

तरीही तुरट राहिली तर अंड्याचा पांढरा बलक. ३० लिटरला अर्धा ते एक. आधी चाचणी घ्या: १० मिलिलिटर बलक, ९० मिलिलिटर कोमट पाणी, चिमूटभर मीठ. वाइनचे १०० मिलिलिटरचे तीन नमुने घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात या पाण्याचा अर्धा मिलिलिटर, तिसऱ्यात एक. अर्धा म्हणजे ३० लिटरला अर्धा बलक, एक म्हणजे पूर्ण. दुसऱ्या दिवशी चाखा. सुगंध शाबूत ठेवून तुरटपणा उतरवणारी कमीत कमी मात्रा निवडा, सगळ्या वाइनला द्या आणि दहा दिवसांनी गाळावरून काढून घ्या. अंडं न खाणाऱ्याला ही बाटली देताना तसं सांगा.

बिघडलं तर

सडक्या अंड्याचा वास आंबवण चालू असताना आला तर हवा आणि पोषक. साखर दोन-तीन ब्रिक्सवर आल्यानंतर आला तर पोषक देऊ नका, यीस्ट ते घेत नाही; धार पाडून रॅकिंग करा. लसूण किंवा रबरासारखा झाला असेल तर वेळ हातातून गेली आहे, आणि हवेने तो उलट पक्का होतो.

नेलपॉलिशचा वास बहुधा थर कोरडा राहिल्याने येतो. सौम्य असेल तर कधी कधी आंबवणीच्या वायूबरोबर उडून जातो. व्हिनेगरचा वास मात्र परत फिरत नाही. ते भांडं बाकीच्यांपासून लांब ठेवा.

बाटलीच्या तळाशी चमकणारे खडे दिसले तर ते टार्टारिकचे स्फटिक आहेत, काच नव्हे. या वाइनमध्ये ते हमखास येतात. नको असतील तर बाटल्या भरण्याआधी शून्य ते उणे ४ अंशांत दोन आठवडे ठेवा आणि गार असतानाच रॅकिंग करा.

बाटल्या

मुक्त सल्फर पुन्हा मोजून पीएचच्या आकड्यावर आणा, नळी तळाशी ठेवून भरा, बूच आणि वाइनच्या मध्ये बोटभर जागा सोडा. तीन दिवस उभ्या, मग आडव्या. पहिले दोन-तीन महिने वाइन मुकी होते, सुगंध बंद पडतो. तेव्हा उघडून निराश होऊ नका. सहा महिन्यांनी पहिली, मग वर्षाला काही. नीट जमलेली पेती व्हेर्दो आठ वर्षं सहज टिकते. उघडताना १७-१८ अंशांवर आणि डिकँटरमध्ये दोन तास आधी ओतून. गाळ जाड असतो, तेव्हा बाटली आदल्या दिवशीच उभी करा आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच सोडा.